खैरवाडीच्या पेवांची यादी

मी, गहिनीनाथ धोंडी मोढळे, वय वर्षे सेहेचाळीस, धंदा मालमोटार चालविणे, मूळचा राहणार मौजे खैरवाडी, तालुका कर्जत, हल्ली मुक्काम माळीवाडा, अहमदनगर, आज रविवार तारीख ४ डिसेंबर १९४९ रोजी आपल्या राहत्या घरी खाटेवर बसून हे मृत्युपत्र सांगत आहे, आणि आमचे शेजारी, वकिलांकडील कारकून दत्तोपंत हे ते लिहून घेत आहेत. माझी छाती गेलेली आहे, डोके शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून काही कबूल करून घेतलेले नाही. दारू सोडून चार वर्षे झाली. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, कारण मागे ठेवण्याजोगे काही असेल असे मला वाटले नव्हते.

दत्तोपंतांचे म्हणणे पडले की, "मोढळे, मृत्युपत्रात कोणाला काय दिले एवढेच लिहितात. का दिले ते लिहीत नाहीत." मी त्यांना म्हणालो, "का दिलं ते न्हाई लिहिलं तर माझा भाऊ उद्या कोर्टात उभा राहून सांगंल, गहिन्या शेवटी भ्रमिष्ट झाला हुता." तेव्हा त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. माझे बोलणे त्यांनी शुद्ध करून लिहावे, पण अर्थ फिरवू नये, असे आमचे ठरले आहे.

कलम १. घर. माळीवाड्यातील या दोन खोल्या, पुढची ओटी व मागची न्हाणी माझी पत्नी मालनबाई हिला द्याव्यात. पोस्टातील शिल्लकही तिचीच. आम्हाला मूलबाळ नाही. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. त्यातले दिवस मोजले तर मी तिच्याबरोबर पाच वर्षेही राहिलो नसेन. मी घरी आलो की पहिला दिवस झोपण्यात जाई, दुसरा कपडे धुण्यात, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मालक शेठचा माणूस दारात उभा असे. एकदा तिने विचारले होते, "तुमचा चेहरा कसा हाय ते मला डोळं मिटून आठवत न्हाई, हे बरं का?" मी तेव्हा हसलो होतो. तिने हे घर विकावे, भाड्याने द्यावे, वाटेल ते करावे. मात्र खैरवाडीच्या कोणाही इसमाला एक रात्रसुद्धा या ओटीवर निजू देऊ नये. ही माझी इच्छा आहे असे लिहायला सांगत होतो, तर आतून तिचाच आवाज आला की, "माझी बी हाय, तसं लिवा." म्हणून दोघांची लिहिली आहे.

कलम २. गाडी. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात मी घेतलेली शेव्हरोलेट मालमोटार, तिची ताडपत्री, दोर, दोन जास्तीची चाके व सर्व हत्यारे माझा जोडीचा ड्रायव्हर बन्सी, राहणार तालुका अकोले, यास द्यावीत. परवाना त्याच्या नावे करून घेण्याचे काम दत्तोपंत करतील. गाडी बन्सीने चालवावी आणि तिच्या उत्पन्नातून मालनबाईला दरमहा घरखर्च पोचता करावा. याचा वेगळा करार करण्याची गरज नाही. बन्सीने एकदा मान हलवली की पुरे आहे.

हा बन्सी भाताच्या मुलखातला. त्याचे वडील भंडारदऱ्याच्या धरणावर दगड फोडत असत. तो बारा वर्षे माझ्या शेजारी बसला आहे. नगरचा कांदा मुंबईला आणि मुंबईचे मीठ-रॉकेल नगरला, गूळ इंदूरला आणि तिकडची सरकी इकडे, असे आम्ही दोघांनी केले. लोकांना वाटते ड्रायव्हर म्हणजे बसून काम. इंजिनाच्या उष्णतेने पायाचे तळवे भाजून सोलतात. पावसाळ्यात कपडे अंगावर वाळवायचे. उन्हाळ्यात पत्र्याला हात लावता येत नाही म्हणून दार फडक्याने उघडायचे. तीन दगड मांडून पिठले करायचे, आणि ते खदखदायला लागले की नाक्यावरचा शिपाई कागद मागायला येतो. जेवण झाल्यावर तो कधी येत नाही. पाणी मागावे तर आधी जात विचारतात, आणि जात सांगितली तर म्हणतात, कशावरून? आम्ही कुठलेच नसतो ना. कुठल्या गावचे असलो तरी ते चेहऱ्यावर कुठे लिहिलेले असते!

लढाईत पेट्रोल बंद झाले तेव्हा गाड्यांना कोळशाच्या भट्ट्या लावल्या. ती भट्टी पेटवायला अर्धा तास हाताने पंखा फिरवावा लागे, आणि तोंड उघडून राख काढताना जो वायू येई तो सरळ छातीत जाई. बोरघाट चढताना गाडी माणसासारखी धापा टाकी. बन्सी मागून चाकाखाली दगड लावीत चालायचा, मी वीतवीत पुढे घ्यायचो. माझ्या वाट्याची राखही पुष्कळदा तोच काढायचा. म्हणायचा, "वस्ताद, तुमी लांब व्हा, तुमाला ठसका लागतो." तरी चार वर्षे मी तो वायू घेतला, आणि डॉक्टर म्हणतात, आज जे आहे ते त्याचेच आहे. बन्सीला काही झाले नाही याचे मला बरे वाटते. जगात ज्यांच्याबद्दल मला बरे वाटते अशी माणसे दोन आहेत, आणि दोघांची नावे वर येऊन गेली. येथून पुढे तसे कोणी नाही.

कलम ३. ज्यांना काही देणे नाही असे इसम. माझे जुने मालक शेठ यांना काही देणे नाही. माझी कंबर त्यांनी आधीच नेलेली आहे. खोपोलीच्या खाणावळवाल्याला काही देणे नाही. तो ड्रायव्हर लोकांना मागच्या दाराशी गोठ्याजवळ जेवायला बसवी आणि त्याच पैशात पुढच्या लोकांना तूप वाढी. होळकर सरकारच्या नाक्यावर एका अंमलदाराने माझ्या छातीवरचा ड्रायव्हरचा पितळी बिल्ला खेचून नाल्यात फेकला होता आणि मला तो चिखलात हाताने शोधायला लावला होता. त्याचे राज्यही गेले आणि नाकाही गेला. त्याचे नाव मला ठाऊक नाही, नाहीतर येथे लिहिले असते.

कलम ४. माझा वडील भाऊ. घरात मी त्याला दादा म्हणे. गाव त्याला आप्पासाहेब म्हणते. या कागदात मीही आप्पासाहेबच म्हणणार आहे, कारण दादा या शब्दाला जे लागते ते त्याच्यापाशी उरलेले नाही. त्यास काही देऊ नये. कारण पुढीलप्रमाणे.

सन १९४४ सालची गोष्ट. सरकारने धान्याची लेव्ही बसवली होती. ज्याच्या रानात जितकी ज्वारी होईल त्यातला ठरलेला वाटा सरकारजमा. आमच्या कर्जत तालुक्यात पाऊस म्हणजे पाहुणा. एक वर्ष पिकले तर दोन वर्षे त्यावर काढायची, म्हणून लोक ज्वारी पेवात घालून ठेवतात. जमिनीत रांजणासारखा खोल खड्डा घ्यायचा, आत कडबा लावायचा, धान्य भरायचे आणि वर दगड-माती टाकून सारखे करायचे. वर गुरे बांधली की खाली पेव आहे हे परक्याला कळत नाही. त्या वर्षी खैरवाडीत बऱ्याच जणांनी लेव्हीतून वाचवलेली ज्वारी पेवात घातली होती. मी त्यांना चोर म्हणणार नाही. पुढच्या वर्षी काय खायचे हे सरकार सांगत नव्हते.

सरकारने धान्य वाहायला शेठच्या गाड्या भाड्याने घेतल्या. खैरवाडीची फेरी माझ्या नावावर आली. मी शेठला म्हणालो, "शेठ, माझं गाव हाय ते. दुसऱ्या कुनाला धाडा." शेठ म्हणाले, "गावचा आहेस म्हणून तर धाडतो. वाट चुकणार नाहीस." मी गेलो नसतो तर शेठने दुसऱ्याला गाडी दिली असती आणि मी घरी बसलो असतो. मी गेलो. माझी चूक विचाराल तर एवढीच आहे.

शिमगा होऊन गेला होता. सकाळी दहाच्या सुमारास मी गाडी चावडीपुढे उभी केली. भट्टीचा धूर पाहून पोरे जमली. म्हातारी माणसे म्हणाली, "धोंडीचा गहिन्या की रं ह्यो!" मला वाटले, ठरलेली पोती भरतील आणि जाऊ. पण सरकारी माणसे पोत्यांपाशी थांबलीच नाहीत. ती सरळ तिघांच्या गोठ्यांत शिरली. इकडे तिकडे ठोकून पाहिले नाही, कोणाला विचारले नाही. गुरे सोडली, शेण बाजूला केले, पहार घातली आणि दगड उचलला. पेव उघडल्यावर जी उबट, डोक्यात जाणारी वाफ येते ती साऱ्या गल्लीत पसरली.

त्यातले सर्वांत मोठे पेव छगनचे होते. छगन माझ्या बरोबरीचा. आम्ही एका पाटीवर अक्षरे गिरवली, एका विहिरीत पोहायला शिकलो. त्याची बायको रतनबाई गोठ्याच्या दारात बसून नुसती पाहत होती. पोती माझ्या गाडीत चढत होती. छगन माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "गहिन्या, तू आमच्या घरात जेवत हुतास." मी म्हणालो, "छगन, मी न्हाई सांगितलं." तोवर तो वळला होता. त्याला त्याच दिवशी कर्जतला नेले. तो सुटून आला तेव्हा त्याला बैल विकावे लागले. रतनबाई सडकेवर खडी फोडायला जाऊ लागली.

परत निघालो तेव्हा बन्सी मागे पोत्यांवर चढला आणि सरकारी कारकून माझ्या शेजारी बसला. वाटेत तो खुशीत येऊन म्हणाला, "मोढळे, तुमचे बंधू फार समजूतदार माणूस. त्यांनी यादी करून दिली म्हणून काम दोन तासांत झाले. नाहीतर सगळं गाव खणावं लागलं असतं." आणि त्याने पिशवीतून कागद काढून मला दाखवला. तीन नावे, पुढे गोठ्याची खूण, दारापासून किती पावले ते. अक्षर आप्पासाहेबांचे. ते मी हजारात ओळखीन. मुंबईला, इंदूरला मला घरची जी काही खबर मिळे ती त्याच अक्षरात मिळे. आई बरी आहे, पाऊस नाही, तुझा वडील भाऊ. त्या यादीत आमच्या वाड्यामागचे पेव नव्हते. तालुक्याला कर्जवाटपाची नवी सोसायटी निघायची होती आणि साहेब लोकांत त्यांचे नाव व्हायला हवे होते, हे मला मागाहून कळले.

हे वाचून दाखवल्यावर दत्तोपंत म्हणाले, "पुरावा काय? तो कागद तुमच्यापाशी आहे?" नाही. सरकारी कारकुनाने तो पुन्हा पिशवीत घातला. पुरावा म्हणजे मी पाहिले एवढाच.

पुढच्या खेपेला मी गावी गेलो. गावात कोणी रामराम घेतला नाही. घरी आप्पासाहेब दाढी करीत बसले होते. मी विचारले, "दादा, यादी तू दिलीस?" त्यांनी वस्तरा पुसला आणि म्हणाले, "हळू बोल." एवढेच. नाही म्हणाले नाहीत. मी ओरडणार तोच आई आतून आली. माझी आई झुंबरबाई. तिने माझा दंड धरला. म्हणाली, "बाळा, मी ह्येच्या घरात ऱ्हाते. ह्येच्या बायकोच्या हातचं खाते. तू तोंड उघडलंस तर गाव ह्येला जाळंल आन् मला दाराबाहेर बसवंल. मी जित्ती हाय तवर गप ऱ्हा." मी म्हणालो, "आये, माझ्यासंगं नगरला चल." ती म्हणाली, "आन् तू गाडीवर गेलास म्हंजी?" मी शब्द दिला.

सारे गाव मला लेव्हीवाला म्हणू लागले. मालन तेव्हा गावीच राहत होती. पाणवठ्यावर बाया तिची घागर बाजूला सरकवीत. दोन महिने तिने सोसले, मला एक शब्द कळवला नाही, मग एका सकाळी बोचके घेऊन पायी कर्जतला आली आणि तेथून मिळेल त्या गाडीने नगरला. तिला खरे काय ते मी सांगितले. ती एवढेच म्हणाली, "तुमच्या आईच्या भाकरीची किंमत आपण देतोय व्हय? द्या मग." तिने तेव्हापासून आजवर बाहेर कोणाजवळ तोंड उघडलेले नाही.

कलम ५. माझी आई. आईला देण्यासारखे आता काही राहिले नाही, तरी तिच्या नावाचे कलम असावे असे मला वाटते. ती १९४६ साली श्रावणात गेली. मी तेव्हा इंदूरहून परतीच्या वाटेवर होतो. धुळ्याच्या अड्ड्यावर निरोप मिळाला. बन्सीने आणि मी आळीपाळीने गाडी हाकली, कोठे थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खैरवाडीत पोचलो तेव्हा तिरडी उचलून वेशीपर्यंत आणली होती. सारा गाव होता. आप्पासाहेबांच्या आईला सारा गाव येणारच.

मी गाडीतून उडी टाकून धावलो आणि खांदा द्यायला पुढे झालो. डाव्या बाजूला छगन होता. मी हात लावताच तो खांदा काढून, बांबू हातावर तोलत म्हणाला, "गहिन्या खांदा देनार असंल तर मी सोडतो." बाकीचे तिघे म्हणाले, "आमी बी." तिरडी तशीच थांबली. माझी आई तशी लोंबकळत राहिली. मी आप्पासाहेबांकडे पाहिले. त्यांच्या हातात मडके होते. त्यांनी एक वाक्य बोलायचे होते. पाच शब्दांचे वाक्य पुरले असते. ते म्हणाले, "गहिनी, तू मागं रहा. अशा वक्ताला तमाशा नको."

मी मागे राहिलो. आईच्या तिरडीच्या मागे, गावातल्या म्हाताऱ्यांच्याही मागे, बन्सीबरोबर चालत गेलो. बन्सी परमुलखातला, त्याला काही बोलायचा हक्क नव्हता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला तेवढाच. त्या दिवशी माझा शब्द सुटला होता, आई गेली होती, मी बोलू शकत होतो. पण तिच्या चितेपुढे उभे राहून भावाचे नाव घेतले असते तर लोक म्हणाले असते, पाहा, आता मेलेल्या आईच्या आडून बोलतो. आणि खरे सांगायचे तर मला बोलवेना. त्यानंतर मी खैरवाडीत पाऊल ठेवलेले नाही.

कलम ६. जमीन. वडिलांच्या पश्चात वाटणी होऊन माझ्या नावे चढलेली मौजे खैरवाडीची नऊ एकर काळी जमीन, जी आजवर आप्पासाहेब वाट्याने करीत आले, ती वर सांगितलेल्या छगन यास कायमची द्यावी. वाटणी झालेली आहे आणि मला मुलगा नाही, तेव्हा हे मी करू शकतो, असे दत्तोपंतांनी वकिलांना विचारून सांगितले आहे. मालनबाईला विचारले. ती म्हणाली, "त्या मातीतलं मला एक कणीस नको." छगनचे पेव माझ्या गाडीतून गेले. यादी दुसऱ्याची होती, पण पोती मी वाहिली. ही त्याची भरपाई आहे.

कलम ७. हे मृत्युपत्र, मुख्यतः कलम ४ व ५, माझ्या मागे दत्तोपंतांनी खैरवाडीच्या चावडीपुढे सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे. आप्पासाहेबांना समोर बसवावे.

कलम ८. माझे प्रेत गावी नेऊ नये. येथेच सीनेच्या काठी दहन करावे. बन्सीने अग्नी द्यावा. खांदा द्यायला मोटार अड्ड्यावरचे कोणीही चार जण चालतील. त्यांतले कोणी कोणाला सोडतो म्हणणार नाही.

दत्तोपंत म्हणाले की सही करण्यापूर्वी छगनला एकदा बोलावून घ्या, बापाचे नाव, वय बरोबर लिहावे लागेल. बन्सी कर्जतकडे माल घेऊन जाणारच होता. म्हणून सही आठ दिवस लांबवली.

पुढील मजकूर रविवार तारीख ११ डिसेंबर रोजी लिहिला.

छगन काल दुपारी आला. बन्सीने त्याला आणले. सव्वातीन वर्षांनी मी त्याला पाहिले. केस पिकले आहेत, पुढचे दोन दात गेले आहेत. तो ओटीवर चढला नाही, उंबऱ्याशी बसला, मुंडासे काढून गुडघ्यावर ठेवले. मालनने चहा ठेवला तो त्याने घेतला नाही. मी म्हणालो, "दत्तोपंत, वाचा." त्यांनी चवथ्या कलमापासून सहाव्यापर्यंत सावकाश वाचले. छगन खाली पाहत होता. साडेपाच वर्षे मी ह्या घटकेची वाट पाहिली होती. मला वाटत होते, तो उठेल, रडेल, माझे पाय धरील, आणि मी त्याला उठवीन.

वाचून झाले. छगन म्हणाला, "समदं झालं वाचून?"

"झालं," दत्तोपंत म्हणाले.

"मग सांगतो. मला ठाऊक हुतं."

मी विचारले, "कवापासनं?"

"त्याच दिसापासनं. गहिन्या, माझं जुनं पेव पावसाच्या पान्यानं गेलं हुतं. हे नवं मी त्याच साली खांदलं. तू तवा इंदूरकडं हुतास. तुला ते ठाऊकच न्हवतं, तर तू सांगनार काय? खांदताना आप्पासायेब सोता उभं हुतं. म्हनले, दारापासनं धा पावलं ठिव, भिताडाला धोका नको."

मग मी विचारले, "मग माझ्या आईच्या तिरडीवरनं खांदा का काडलास?"

त्याने मुंडाशाचा पदर चाळवला. मग म्हणाला, "मी ऱ्हातो गावात. माझ्या रानाला पानी त्यांच्या हिरीचं. माझी बैलं गेली, नांगर त्यांचा. सोसायटीत त्यांची सही. त्यांचं नाव घिऊन मी जाऊ कुठं? राग तर आला हुता, कुनावर तरी काडायचा हुता. तू बरा हुतास. आज हितं, उद्या मुंबईला. तुला शिवी दिली तर ती तुझ्यापतोर पोचायला म्हैना लागायचा."

"आप्पानं सांगितलं हुतं का तुला, खांदा सोड म्हनून?"

"न्हाई. त्येंनी काय सांगितलं न्हाई. त्यांना बरं वाटंल म्हनून मीच सोडला."

"बाकीच्यांना ठाऊक हुतं?"

"निम्म्यांना. निम्म्यांनी इचारलं न्हाई."

मालन आतल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "भावजी, माझी घागर सरकवनाऱ्या बायांमंदी रतनबाई बी हुती. तिला ठाऊक हुतं?" छगनने मान फिरवली. तो मला म्हणाला, "जमीन मला दिऊ नगंस. आप्पासायेब माझं जिनं मुश्कील करतील. दुसऱ्या कुनाला दे." मग तो निवलेला चहा एका घोटात प्याला आणि उठला. बन्सीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पुढं बसव त्येला, मागं ताडपत्रीवर नको. ऊन हाय." जाताना छगन वळला नाही.

मी ज्या गोष्टीखाली साडेपाच वर्षे वाकलो ती कोणी माझ्यावर खरी मानून लादलीच नव्हती. मी निर्दोष आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून पटलेले होते आणि त्याने काही फरक पडला नाही. खरे तर हेच मला जास्त लागले. खोटा आळ आला तर माणूस खरे सांगून मोकळा होतो. येथे सांगायलाच काही उरले नाही. पंचवीस वर्षे मी रस्त्यावर काढली ती या समजुतीवर की मागे एक गाव आहे आणि कधी तरी ते माझे ऐकून घेईल.

आज सकाळी मालन म्हणाली, "फाडा ते जमिनीचं कलम." दत्तोपंतांनीही रेघ मारायला टाक उचलला. मी त्यांना थांबवले. विचार करून पुढीलप्रमाणे फेरफार सांगतो.

कलम ७ रद्द. चावडीपुढे काही वाचू नये. जे त्यांना पाठ आहे ते पुन्हा ऐकवायला दत्तोपंतांनी एवढ्या लांब जाऊ नये. आप्पासाहेबांना फक्त कलम ६ ची नक्कल रजिस्टर टपालाने पाठवावी.

कलम ६ कायम. त्यातली "भरपाई" ही ओळ मात्र काढून टाकावी. नऊ एकर जमीन छगनलाच द्यावी. दत्तोपंतांनी विचारले, "त्याने नको म्हटले ना?" नको म्हटले ते माझ्यासमोर. मी गेल्यावर कागद त्याच्या हातात पडेल तेव्हा नको म्हणायला समोर कोणी नसेल. शिवाय रतनबाई त्याला म्हणू देणार नाही. नांगरटीखालची काळी जमीन परत करणारा माणूस मी खैरवाडीत पाहिलेला नाही.

दत्तोपंतांना गावची शीव ठाऊक नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो. ही नऊ एकर आप्पासाहेबांच्या रानाच्या आणि सडकेच्या मध्ये आहे. त्यांची बैलगाडी, खत, कडबा, ऊस लावला तर ऊस, सारे माझ्या बांधावरून जाते. दुसरी वाट नाही. तिकडे ओढा आहे. भाऊ म्हणून मी ती वाट कधी अडवली नाही आणि कागदावरही कधी आणली नाही. पाणी आप्पासाहेबांच्या विहिरीचे आणि वाट छगनच्या बांधाची, असे आता होईल. दोघांनाही एकमेकांचे सर्व काही ठाऊक आहे. दोघांनी रोज सकाळी एकमेकांना रामराम घालावा, हसावे, आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवावे. नाक्यावरचा शिपाई समोर उभा असताना मला जसे पिठले गिळावे लागे तसे.

आणि कधी भांडण पेटलेच, तर दोष द्यायला गावाने आता गावातलाच माणूस शोधावा.

येणेप्रमाणे वरील सर्व मजकूर मला वाचून दाखविला, समजला, बरोबर आहे. लाभ मिळणाऱ्याची साक्ष चालत नाही असे दत्तोपंत म्हणाले, म्हणून बन्सी व मालनबाई यांना बाहेर ओटीवर बसवून इतर दोघांसमक्ष मी सही केली आहे.

सही दस्तुर खुद्द: गहिनीनाथ धोंडी मोढळे

साक्ष:
१. यज्ञेश्वर भास्कर मुळे, धंदा शिक्षक, राहणार माळीवाडा, अहमदनगर
२. कासम उमर शेख, धंदा मोटार मिस्त्री, राहणार अहमदनगर

लिहिणार: दत्तो बळवंत पाठक, वकिलांकडील कारकून. सांगितले तसे लिहिले. शुद्ध करण्याच्या नावाखाली काही गाळलेले नाही.

मुक्काम अहमदनगर, मार्गशीर्ष शके १८७१, रविवार तारीख ११ डिसेंबर १९४९.